हाणामारी रोखण्याचे काम अंगणवाडीपासून सुरू करा : सोलापूरच्या प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर
मा. पोलीस आयुक्त, सोलापूर शहर

विषय : मुलांमधील मारामारीच्या सवयीला जन्मापासूनच्या पहिल्या पाच वर्षांत आवर घालण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. विनंती विशेष.

आपल्या शहरात दोन गटांत मारामारी झाली, एखाद्या अल्पवयीन मुलाजवळ कोयता सापडला किंवा किरकोळ कारणावरून कोणाचे डोके फुटले, की पुढे काय होणार हे आता सगळ्यांना पाठ झाले आहे. बंदोबस्त वाढतो, शाळांमध्ये व्याख्याने होतात, पालकांना समज दिली जाते, मोबाइल आणि सिनेमा यांच्या नावाने बोटे मोडली जातात आणि महिन्याभरात सारे निवळते. यातले काही करूच नये असे मी म्हणत नाही. परंतु ज्या वयाच्या मुलांसाठी आपण हा सगळा खटाटोप करतो, त्या वयापर्यंत या सवयीची मुळे रुजून बारा-तेरा वर्षे झालेली असतात. मी नोकरीची बहुतेक वर्षे सोलापुरातील अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून काढली. पूर्व भागातील यंत्रमागांच्या वस्त्या, विडी घरकुल, सेटलमेंट या भागांत मी दोन-तीन वर्षांची मुले जवळून पाहिली आणि त्यांतली काही मुले पुढे वाया गेली असे त्यांच्याच आईच्या तोंडून ऐकले. माझी मागणी थोडक्यात सांगते. जिल्ह्यातील हिंसा रोखण्याच्या कामात गरोदरपणापासून पाचव्या वर्षापर्यंतच्या काळाला पहिले स्थान द्यावे आणि त्यासाठी लागणारा पैसा, वेळ आणि प्रशिक्षण अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्यापर्यंत पोहोचवावे.

ही मागणी केवळ माझ्या अनुभवातून आलेली नाही. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३१च्या सुमारास गुन्ह्यांची आकडेवारी वयानुसार मांडली, तेव्हापासून हे ठाऊक आहे की गुन्हे तारुण्याच्या उंबरठ्यावर वाढतात आणि पुढे ओसरतात. त्यावरून एक समजूत रूढ झाली की मूल मुळात शांत असते, वयात येताना वाईट संगतीत पडते आणि तिथे मारामारी शिकते. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाचे रिचर्ड ट्रेम्बले यांनी १९८४ मध्ये त्या शहरातील गरीब वस्त्यांमधल्या बालवाडीतील १,०३७ मुलग्यांचा अभ्यास हाती घेतला आणि ती मुले मोठी होईपर्यंत वर्षानुवर्षे त्यांच्या वागण्याची नोंद ठेवली. बहुतेकांचे मारणे वयाबरोबर कमी होत गेले. सुमारे चार टक्के मुलांचे मात्र सहाव्या वर्षापासून किशोरवयापर्यंत सतत चढे राहिले. बालवाडीत शांत असलेली मुले पुढे वयात येताना एकाएकी मारकुटी झाली, असा वेगळा गट त्या अभ्यासात सापडला नाही. मग ही सुरुवात होते तरी कधी, हे शोधण्यासाठी संशोधक आणखी मागे, तान्ह्या मुलांपर्यंत गेले. ढकलणे, चावणे, केस ओढणे, लाथ मारणे हे प्रकार पहिल्या वाढदिवसाच्या आसपास दिसू लागतात, दोन ते चार या वर्षांत सर्वाधिक असतात आणि त्यानंतर बहुतेक मुलांमध्ये उतरत जातात, असे त्यांना आढळले. या कामासाठी ट्रेम्बले यांना २०१७ साली गुन्हेशास्त्राचे स्टॉकहोम पारितोषिक मिळाले.

याचा अर्थ असा की मारायला कोणी शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते न मारणे. हातातली वस्तू कोणी हिसकावली तर थांबणे, मागणे, आपली पाळी येईपर्यंत कळ काढणे, मोठ्या माणसाकडे धाव घेणे आणि कधी हार पत्करून दुसरा खेळ शोधणे, ही सगळी कौशल्ये आहेत आणि ती मुलाला कोणाच्या तरी सोबतीने, शेकडो वेळा चुकत, मिळवावी लागतात. कपाळामागचा जो मेंदूचा भाग असा आवर घालतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो, पण त्याची पायाभरणी या पहिल्या वर्षांत होते. अनुकरणाला यात जागा आहेच. स्टॅनफर्डमध्ये अल्बर्ट बांदुरा यांनी १९६१ मध्ये दाखवले की मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला हातोडीने बडवलेले पाहिले की मुले तेच, तसेच करतात. मोठ्यांचे पाहून मुलाला मारण्याची तऱ्हा कळते आणि मारले तर चालते हेही कळते. मात्र रागाने हात उठणे त्याच्या अंगात त्याआधीच असते. म्हणून सोळाव्या वर्षीच्या मुलाबद्दल ‘हा हे कुठून शिकला’ असे विचारण्याबरोबर ‘याला दुसरे काही शिकवायचे कोणाकडून राहून गेले’ हेही आपण विचारले पाहिजे.

हे शिकवणे प्रत्यक्षात कसे दिसते, ते एका अंगणवाडीत पाहिलेल्या प्रसंगावरून सांगते. घरी तेलुगू बोलणाऱ्या कुटुंबातला तीन वर्षांचा एक मुलगा नुकताच येऊ लागला होता. रंगीत ठोकळ्यांची टोपली शेजारच्या मुलीने आपल्याकडे ओढली आणि त्याने तिच्या दंडाला कडकडून चावा घेतला. मुलगी किंचाळली. मदतनीस ताई धावत आल्या त्या हात उगारूनच, पण सेविका ताईंनी त्यांना डोळ्यांनीच थांबवले. त्यांनी आधी मुलीला कुशीत घेऊन तिच्या दंडावर पाणी लावले. मग त्या जमिनीवर त्या मुलासमोर बसल्या, त्याची दोन्ही मनगटे आपल्या हातात हलके धरली आणि तो हुंदके देत होता तोवर काहीच बोलल्या नाहीत. तो निवळल्यावर तेलुगूत म्हणाल्या की चावायचे नाही, तिला लागले, तुला ठोकळे हवे असतील तर मला सांग. त्यांनी त्याच्याकडून ‘वद्दु’, म्हणजे नको, हे मोठ्याने म्हणवून घेतले, मुलीलाही तो शब्द ऐकवला आणि टोपली मधोमध ठेवून दोघांना एक-एक ठोकळा काढायला लावला. सगळे मिळून पाच-सात मिनिटे. पुढच्या महिन्यातल्या भेटीत त्या वर्गातली कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलेही हात पुढे धरून ‘वद्दु’ म्हणताना मी ऐकली.

त्या पाच-सात मिनिटांसाठी सेविकेजवळ काय काय असावे लागते, याचा विचार आपण करावा अशी माझी विनंती आहे. तिला मुलाची भाषा यायला हवी. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १९ महिन्यांच्या जुळ्या मुलांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांच्याजवळ शब्द कमी होते ती मुले थोडी अधिक हात उचलतात असे दिसले. हा संबंध फार मोठा नव्हता, पण ज्या शहरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू नांदतात, तिथे त्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. मूल घरून जे शब्द घेऊन येते, ते अंगणवाडीच्या दारात काढून ठेवायला लावले तर त्याच्याजवळ फक्त हात-पाय आणि दात उरतात. मराठी त्याला यायलाच हवी आणि ती येतेही, परंतु पहिले वर्ष-दोन वर्षे त्याला त्याच्या भाषेत समजावणारे माणूस हवे. भरती करताना, निदान पूर्व भागात आणि सीमेलगतच्या तालुक्यांत, वस्तीची भाषा येते का हे प्राधान्याने पाहावे आणि सध्याच्या सेविकांना रोजच्या उपयोगाची शंभर-दोनशे वाक्ये शिकवावीत. याला फारसा खर्च नाही.

सेविकेला वेळही हवा. आज तिची तपासणी होते ती पटावरची मुले, वजन-उंची, शिधावाटप आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरच्या नोंदी यांची. मी स्वतः वर्षानुवर्षे अशाच तपासण्या केल्या आणि वरून मागणी होत होती ती त्याच आकड्यांची. दोन मुले भांडली तर सेविका काय करते, हे भेटीच्या नमुन्यात विचारलेच जात नाही. वजन घेणे महत्त्वाचे आहे, परंतु आपल्या यंत्रणेत जे मोजले जाते तेच केले जाते, हे आपण सर्व जाणता.

आता घराकडे वळते. विडी वळणाऱ्या बाईचा दिवस आपल्यापैकी ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली पाने, शेजारी कात्री आणि दोऱ्याचे रीळ. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, त्यातही खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा तोटा तिचाच. दीड वर्षाचे मूल येऊन सुपात हात घालते. ती हात बाजूला करते. ते पुन्हा घालते, सूप उलटते, तंबाखू सांडते. तिसऱ्या वेळी पाठीत धपाटा बसतो, मूल भोकाड पसरते आणि गप्प करण्यासाठी तिला हातातला मोबाइल नाहीतर एखादा पाच रुपयांचा पुडा द्यावा लागतो. ओरेगनमधील मानसशास्त्रज्ञ गेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून अशाच प्रसंगांच्या नोंदी केल्या आणि त्यांतून एक साखळी दाखवून दिली. मोठ्याने रडले, अंगावर धावून गेले की आपले म्हणणे खरे होते हे मूल शिकते, जोरात मारले की क्षणभर शांतता मिळते हे आई शिकते आणि दोघांचाही सूर दिवसेंदिवस चढत जातो. त्या बाईला दोष देणारे व्याख्यान मला कोणी देऊ नये. तिला हात मोकळे मिळाले आणि चार तास मूल सांभाळायला कोणी मिळाले, तर ती धपाटा देणार नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

म्हणून पाळणाघर हा माझ्या मागणीचा गाभा आहे. १९६६च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने पाळणाघराची अट घातली ती कारखान्याच्या जागेपुरती. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या मुलाला तिचा काही उपयोग झाला नाही. केंद्राच्या मिशन शक्तीमधील ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. तिचा प्रस्ताव जिल्ह्यातून जाताना विडी घरकुल, कुंभारीची विडी कामगार वसाहत, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीभोवतीच्या वस्त्या ही नावे यादीत सर्वांत वर असावीत. जिल्हा वार्षिक योजनेत महिला आणि बालविकासासाठी जो निधी ठेवला जातो, त्यातून इमारती आणि साहित्याबरोबर पाळणाघरातल्या माणसांचा, म्हणजे ज्यांच्या मांडीवर ही मुले बसणार त्यांचा, पगार आणि प्रशिक्षण यांना वाटा मिळावा.

मारण्याबद्दल आपल्या समाजात काही गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या आपल्याला दिसतही नाहीत. मूल भिंतीवर आपटले की आजी भिंतीला चापट मारून दाखवते आणि मूल हसते. पाहुणे आले की कडेवरच्या बाळाला ‘मामाला मार बघू’ म्हणतात आणि त्याने हात उगारला की सगळे कौतुकाने टाळ्या पिटतात. शाळेतून रडत आलेल्या मुलाला बाप बजावतो की मार खाऊन घरी येऊ नकोस, मारून ये. त्याच मुलाने घरात बहिणीला मारले की त्याला पट्ट्याने मार बसतो. इतक्या उलटसुलट सूचनांतून पाच वर्षांच्या मुलाने काय समजावे? हे सगळे प्रेमापोटीच होते, याची मला खात्री आहे. म्हणूनच ते सांगता येते आणि बदलताही येते. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये सुमारे पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र पाहिले. चापट मारून वाढवलेल्या मुलांमध्ये आक्रमकता आणि हट्ट अधिक आढळतो, कमी नव्हे, असे त्यांतून दिसते. मारकुट्या मुलालाच जास्त मार बसतो हेही खरे, त्यामुळे कार्यकारणाचा धागा दोन्ही बाजूंनी जातो. पण मार दिल्याने मूल सुधारते याला मात्र आधार सापडत नाही. स्वीडनने १९७९ सालीच मुलांना मारण्यावर, घरातसुद्धा, कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. ती मनाई कागदावर राहू नये यासाठी शिक्षकाला दंडाची भीती घालण्याआधी चाळीस मुलांचा वर्ग हात न उचलता कसा सांभाळायचा हे त्याला शिकवले पाहिजे. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या शाळांमध्ये १९८५ पासून पहिलीच्या वर्गांत एक साधा खेळ वापरून पाहिला गेला. वर्गाचे गट पाडायचे, नियम आधी सांगायचे आणि ज्या गटात नियम कमी मोडले जातील त्या प्रत्येक गटाला शाबासकी द्यायची. त्याचा सर्वाधिक लाभ सुरुवातीला सर्वांत मारकुट्या असलेल्या मुलग्यांना झाला आणि तो ती मुले विशीत पोहोचेपर्यंत टिकलेला दिसला. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या पहिली-दुसरीच्या वर्गांत असे काही करून पाहायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

मुलांमधली प्रत्येक झटापट म्हणजे हिंसा नव्हे, हेही इथे सांगितले पाहिजे. एकमेकांच्या अंगावर पडून लोळणारी, हसणारी, पाळीपाळीने वर-खाली होणारी मुले खेळत असतात आणि त्यातूनच किती जोर लावायचा याचा अंदाज त्यांना येतो. तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी हेच शिकवतो. असा खेळ बंद पाडण्याची घाई कोणी करू नये. चेहरे पाहिले की फरक कळतो.

आता मी ज्या मुद्द्याबद्दल सर्वांत जास्त काळजीत आहे, तो मांडते. ज्या मुलांचे मारणे वयाबरोबर कमी होत नाही, त्यांच्या घरांत काही गोष्टी वारंवार आढळल्या आहेत. आईचे फार कमी वय, गरोदरपणातले धूम्रपान, घरातली गरिबी, आई-बापांतले तंटे, आईला स्वतःच्या शाळकरी वयात आलेल्या वर्तनाच्या अडचणी आणि मुलाशी सतत धाकदपटशाने वागणे. काही मुले उपजतच तापट असतात, जुळ्यांच्या अभ्यासांत अनुवंशाचा वाटाही दिसतो. ही यादी हातात आली की एखाद्या उत्साही अधिकाऱ्याला वाटेल की चला, धोक्याची मुले शोधून त्यांची नावे नोंदवू. हे आपण कृपा करून होऊ देऊ नये, आणि निदान सोलापुरात तरी अजिबात होऊ देऊ नये. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची कुटुंबे याच शहरात तारेच्या कुंपणाआड, सेटलमेंट म्हणवल्या जाणाऱ्या वसाहतीत, ठेवली गेली. तिथे जन्मलेले मूल रांगण्याआधीच सरकारच्या लेखी गुन्हेगारांत गणले जात होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण सेटलमेंट हे नाव शहराच्या तोंडी अजून आहे आणि तिथला पत्ता सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो, असे तिथल्या आयांनी मला सांगितले आहे. ट्रेम्बले आणि इतरांच्या संशोधनातून निघणारी गोष्ट त्या कायद्याच्या नेमकी उलट आहे. दोन वर्षांचे मूल कलेक्टरच्या बंगल्यात असो की पालावर, ते चावते आणि ढकलतेच. पुढे फरक पडतो तो त्याला मिळालेल्या सोबतीने. म्हणून सेवा द्यायची ती संपूर्ण वस्तीला, घराच्या उंबऱ्यावर जाऊन, कोणाच्याही नावापुढे खूण न करता. ज्या घरात अडचण अधिक, तिथे भेटी अधिक, एवढाच भेद असावा आणि तो त्या बाईला उपकार वाटू नये.

अशा भेटींनी खरेच काही होते का, हा प्रश्न आपण विचारालच. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतली, वाढ खुंटलेली, नऊ ते चोवीस महिन्यांची १२९ मुले निवडली. काहींना दर आठवड्याला दुधाची भुकटी दिली, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्य सेविका गेली, काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना दोन्हींपैकी काही नाही. ही सेविका मोठी पदवीधर नव्हती. ती घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन जायची आणि मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे हे आईला करून दाखवायची. दोन वर्षे हे चालले. ती मुले २२ वर्षांची झाल्यावर पाहिले, तेव्हा ज्यांच्या घरी सेविका जात होती त्यांचा मारामाऱ्यांत आणि गंभीर हिंसक गुन्ह्यांत सहभाग कमी होता, शिक्षण अधिक होते आणि त्यांची कमाईही सुमारे २५ टक्क्यांनी जास्त आढळली. नुसत्या दुधाने हिंसेच्या बाबतीत असा फरक पडला नाही.

हे शेवटचे वाक्य मी आपल्यासमोर मुद्दाम ठेवत आहे, कारण आपल्याकडे अंगणवाडी म्हणजे खिचडी असे समीकरण झाले आहे. पोटभर खाऊ घालणे हे पहिले कर्तव्य आहेच. पण जेवणाबरोबर कोणीतरी मुलाशी बोलले पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा इथे डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस गरोदर स्त्रियांच्या घरी परिचारिका पाठवायला सुरुवात केली. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत त्या भेटी चालू होत्या आणि पंधरा वर्षांनी त्या किशोरवयीन मुलांना झालेल्या अटका कमी असल्याचे दिसले. विशेषतः ज्या आया गरीब आणि एकट्या होत्या त्यांच्या मुलांमध्ये हा फरक ठळक होता. जमैकातील पद्धत आपल्या देशातही ओडिशातल्या कटक शहराच्या झोपडपट्ट्यांत वापरून पाहिली गेली. तिथे स्थानिक स्त्रियांनीच घरभेटी दिल्या आणि मुलांची आकलनशक्ती आणि भाषेची समज वाढली. त्या मुलांच्या मारामारीबद्दल बोलायला ती अजून लहान होती, परंतु भाषा आणि आवर यांचा संबंध मी वर सांगितलाच आहे.

या भेटींसाठी आपल्याला नवी यंत्रणा उभी करावी लागणार नाही. आशा ताई प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांत नवजात बाळाच्या भेटी देतातच आणि २०१८ पासून बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही त्यांनी घरी जाणे अपेक्षित आहे. शून्य ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा केंद्राने २०२४ मध्ये दिला आहे. माझे म्हणणे इतकेच की पंधराव्या महिन्यानंतर, म्हणजे चावणे आणि मारणे नेमके जोर धरते त्या वेळी, आशा ताईंच्या या ठरलेल्या भेटी संपतात. अठराव्या, चोविसाव्या, तिसाव्या महिन्यात आणखी भेटी जोडाव्यात, त्या सेविका आणि आशा यांनी मिळून द्याव्यात, त्यांचा मोबदला वेळेवर द्यावा आणि त्या भेटीत वजनाबरोबर आईला हे विचारावे की मूल हट्ट करते तेव्हा घरात काय होते, आणि तुम्हाला झोप लागते का. बाळंतपणानंतर उदास झालेल्या आईला मूल आवरणे किती जड जाते, हे मी सांगायला नको. शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी या भेटी जोडता येतील. गरोदर बाईने मिश्री सोडावी आणि घरात कोणी विडी ओढू नये, हेही त्याच भेटीत बोलावे. पुरुषांशी बोलण्यासाठी मात्र दुपारचा पालक मेळावा उपयोगाचा नाही. मागावरच्या पाळ्या सुटण्याची वेळ पाहून, कारखान्याच्या फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर पंधरा मिनिटे बोलले तर जास्त साधेल.

मा. पोलीस आयुक्तांना दोन गोष्टी सुचवते. घरगुती मारहाणीची तक्रार घेऊन बाई ठाण्यात येते, तेव्हा घरात पाच वर्षांखालचे मूल आहे का हे विचारून, तिची संमती घेऊन, त्या भागातल्या सेविकेला कळवण्याची पद्धत सुरू व्हावी. आणि बालविवाह रोखण्याच्या कामाकडे आपल्या विभागाने हिंसा रोखण्याचे काम म्हणूनच पाहावे, कारण सोळाव्या वर्षी आई झालेल्या मुलीवर आपण असे काम टाकतो ज्याची तयारी तिच्या स्वतःच्या वयाने अजून केलेली नाही.

कोणी म्हणेल, आज रस्त्यावर जे चालले आहे त्याचे काय, पंधरा वर्षे थांबायचे का? थांबू नये. आजच्या किशोरांसाठी जे करता येईल ते करावेच, आणि तेही मारून नव्हे. पण आज चौदा-पंधरा वर्षांच्या असलेल्या त्याच मुला-मुलींच्या मांडीवर आठ-दहा वर्षांत पुढची बाळे असतील. त्यांना आत्ता आठवी-नववीत मूल कसे वाढते, का चावते, रडणाऱ्याला कसे शांत करावे हे शिकवले आणि जवळच्या अंगणवाडीत नेऊन तासभर बसवले, तर दोन्ही पिढ्यांचे काम एकदम होईल.

या सगळ्याची सुरुवात करण्यासाठी मी आपल्याकडे एकच तातडीची मागणी करते. पुढच्या मासिक आढावा बैठकीला आपण चौघांच्या कार्यालयांचे प्रतिनिधी एकत्र बसावेत, विडी घरकुल आणि सेटलमेंट या भागांतल्या दोन-दोन अंगणवाडी सेविका आणि आशा ताईंना त्या बैठकीत बोलवावे आणि त्यांना विचारावे की मूल मारते तेव्हा तुम्ही काय करता आणि तुम्हाला काय कमी पडते. त्यांचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकावे, इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत नोंदवावे आणि त्यातून पहिल्या वर्षी काय करता येईल याचा आराखडा तीन महिन्यांत जाहीर करावा. प्रशिक्षणासाठी माझ्यासारख्या निवृत्त पर्यवेक्षिकांची गरज भासली तर आम्ही मोबदला न घेता येऊ.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, सोलापूर